नाडीचा आकडा आणि नाडीची चाल : हृदयाच्या धोकादायक लयबिघाडाच्या खुणा कशा ओळखाव्यात

आकडा एकच, माणसं दोन. पहिला चार मजले जिना चढून आलाय, धापा टाकतोय आणि मनगटावरचं घड्याळ १५० दाखवतंय. दुसरा खुर्चीत वाचत बसलाय आणि त्याचं घड्याळही १५०च दाखवतंय. गेला पाऊण तास १५०, उठून उभा राहिला तरी १५०, पाणी प्यायला तरी १५०. पहिल्याची नाडी काही मिनिटांत आपोआप खाली येईल. दुसऱ्याला आजच्या आज ईसीजी हवा.

नाडीच्या वेगाचा तक्ता पाठ असला तरी या दोघांतला फरक त्यातून कळत नाही. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्या लागतात. वेग चढला कसा आणि उतरला कसा? दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का? शरीर या क्षणी जे करतंय त्याला हा वेग शोभतो का? आणि त्याच्या जोडीला आणखी काय होतंय? पुढचं सगळं या चार प्रश्नांभोवती आहे.

आधी आपली नेहमीची नाडी माहीत हवी

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण मिनिटाला ६० ते १०० असते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ही मर्यादा फार ऐसपैस आहे. नियमित धावणाऱ्याची नाडी ४५ असते आणि तो ठणठणीत असतो. गाढ झोपेत बऱ्याच निरोगी लोकांची नाडी पन्नाशीच्या खाली जाते. म्हणून पहिलं काम म्हणजे आठवडाभर रोज सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी, चहा-कॉफीच्या आधी नाडी मोजून लिहून ठेवणं. त्या सात आकड्यांतून तुमची स्वतःची पातळी कळेल.

ज्याची नाडी वर्षानुवर्षं ५८ आहे आणि आता दोन आठवडे सकाळी ८८ भरतेय, तो तक्त्यानुसार ‘नॉर्मल’च आहे. तरीही काहीतरी बदललंय. अशा वेळी बहुधा दोष हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेत नसतो. ताप, रक्ताची कमतरता, थायरॉईड वाढणं, शरीरातलं पाणी कमी होणं, गरोदरपण, दम्याचा पंप यांपैकी काहीतरी सापडतं. तापात शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडी ढोबळमानाने दहाने वाढते. हे हिशेब जुळत असतील तर हृदय सांगितलेलं काम करतंय एवढंच.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांची नाडी औषधाने दाबलेली असते. त्यांच्या बाबतीत विश्रांतीतले ९५ हेही जास्त असू शकतात आणि ४० झाले तर औषधाचा डोस जड झालाय का हे विचारावं लागतं.

बोटांनी मोजायला शिका

घड्याळं आली तरी ही कला टाकून देऊ नका. यंत्र आकडा देतं, बोटांना चाल कळते.

पाच मिनिटं शांत बसा. तळहात वर करा आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुसऱ्या हाताची पहिली दोन-तीन बोटं अलगद टेकवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि तुम्ही तिलाच मोजत बसाल. ठोके एकसारखे पडत असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. चाल जराही अडखळत असेल तर पूर्ण मिनिट मोजा, कारण अनियमित नाडीत अर्ध्या मिनिटाचा हिशेब सहज फसतो. मानेतल्या नाडीवरही मोजता येतं, पण एका वेळी एकाच बाजूला आणि हलक्या हाताने. वयस्कर माणसाची मान दाबू किंवा चोळू नये.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली युक्ती अगदी साधी आहे. एका हाताने नाडी धरा आणि प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या हाताच्या बोटाने टेबलावर टिचकी मारा. टक-टक-टक असा ताल पडतो की मोडतो, हे कानाला लगेच कळतं. जमलं तर घरातल्या कुणाला तो आवाज फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. ‘छातीत कसंतरी होतं’ या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्या टिचक्यांतून कितीतरी जास्त समजतं.

चाल ओळखा

आधी एक निरुपद्रवी चाल. तरुणांत श्वास आत घेताना नाडी किंचित वेगावते आणि सोडताना मंदावते. श्वासाबरोबर हलणारी ही लय निरोगीपणाचं लक्षण आहे. मुलांमध्ये तर ती हमखास दिसते.

*चुकलेला ठोका.* टक, टक, टक-टक, मोठा खंड, धप्प. असं कधी ना कधी बहुतेक सगळ्यांना होतं. खरं तर ठोका चुकलेला नसतो, तो आधीच पडून गेलेला असतो. हृदय रक्ताने भरायच्या आत पडल्यामुळे तो दुबळा असतो आणि मनगटापर्यंत पोचत नाही. मग विश्रांती येते, तेवढ्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत गुद्द्यासारखा बसतो. माणूस घाबरतो तो या गुद्द्याला. जागरण, ताण, कॉफी, दारू, पोटॅशियम कमी होणं यांनी हे ठोके वाढतात.

इथे एक गंमत होते आणि तिने पुष्कळांची झोप उडवली आहे. दर दुसरा ठोका असा अवेळी पडू लागला तर मनगटावर निम्मेच ठोके जाणवतात. हृदय ७६ वेळा चालतंय आणि घड्याळ किंवा बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ३८ दाखवतंय! ‘नाडी ३८ झाली’ म्हणून हादरण्याआधी छातीला कान लावून किंवा स्टेथोस्कोपने खरे ठोके मोजावेत.

हे ठोके कधी गंभीर मानायचे? श्रम करताना कमी होण्याऐवजी वाढत असतील, चक्कर येत असेल, आधीच हृदयविकार असेल किंवा त्यांची संख्या फार असेल तर. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या अशा अवेळी ठोक्यांचं प्रमाण त्यांतल्या दहा टक्क्यांपलीकडे गेलं, तर काही जणांच्या हृदयाचा स्नायू हळूहळू अशक्त होऊ शकतो. संख्या मोजायला होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून दिवसभराचा ईसीजी नोंदवणारं यंत्र लागतं, बोटांनी ते होत नाही.

*कसलाच ताल नसलेली नाडी.* टिचक्या मारून पाहिलं तर दोन ठोक्यांतलं कुठलंच अंतर दुसऱ्याशी जुळत नाही. काही ठोके भरदार, काही पुसट. ही एट्रियल फिब्रिलेशनची खूण. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला ३५० ते ६०० या गतीने नुसते थरथरतात, आणि मधलं विजेचं केंद्र त्यांतले हवे तसे, कसेही ठोके खाली सोडतं. याचा मोठा धोका हृदय थांबण्याचा नाही, मेंदूचा आहे. डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी बनते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. त्याची जोखीम साधारण पाचपटीने वाढते.

फसवणूक अशी की अनेकांना काहीच जाणवत नाही. वेग ७५ असू शकतो, अगदी ५५ही. साठी ओलांडलेल्या माणसाने महिन्यातून एकदा नुसता ताल तपासला, तरी पक्षाघाताआधी हे पकडता येण्याची संधी मिळते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी ती जोखीम बरीच खाली आणता येते. घरच्या बीपी यंत्रावर अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार उमटत असेल तर त्याकडे काणाडोळा करू नका. अशा नाडीत बीपीचा एकच आकडा भरवशाचा नसतो, तीनदा घेऊन सरासरी काढावी.

*हटवादी १५०.* सुरुवातीचा खुर्चीतला माणूस आठवा. निरोगी हृदयाचा वेग सतत थोडाफार हलत असतो, बसलात की कमी, उठलात की जास्त. तो तासभर एका आकड्याला चिकटून राहत नाही. वरच्या कप्प्यात वीज गोल फिरू लागली की तिचे मिनिटाला सुमारे ३०० फेरे होतात, आणि मधलं केंद्र एक सोडून एक खाली पाठवतं. ३०० चे निम्मे १५०. हा एट्रियल फ्लटर, आणि गुठळीचा धोका इथेही आहे.

*बटण दाबल्यासारखा वेग.* माणूस वाकून बूट बांधतोय आणि क्षणात नाडी ७० वरून १९०. ठोके एकसारखे, मानेत उडताना जाणवतात, आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी सगळं तसंच एका क्षणात थांबतं. नंतर लघवीला भरपूर होते. हा एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया), बहुतेकदा तरुणांत दिसणारा. घाबरल्यामुळे वाढलेली नाडी अशी वागत नाही. ती चढावरून चढते आणि उतारावरून उतरते, कड्यावरून उडी मारत नाही. कित्येकांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, वर्षानुवर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून परत पाठवलं जातं. म्हणून सुरुवात आणि शेवट कसा झाला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एसव्हीटी सहसा जीवघेणा नसतो. डॉक्टरांनी निदान केलेलं असेल आणि परवानगी दिलेली असेल, तर एक उपाय घरी करता येतो. अर्धवट बसून, १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने तिच्यात १५ सेकंद फुंकायचं. लगेच उताणं झोपायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंशांत वर उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांची लय पूर्ववत झाली, तर नुसतं फुंकणाऱ्यांत १७ जणांची. निदान झालेलं नसताना मात्र हे प्रयोग करत बसू नका.

एक जोड मात्र खरोखर जीवघेणी असते. काहींच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी जास्तीची तार जन्मतःच असते, तिला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. अशा माणसाला एट्रियल फिब्रिलेशन झालं तर मधल्या केंद्राचा चौकीपहारा चुकवून वीज त्या तारेने खाली धावते. नाडी दोनशेच्या पलीकडे आणि शिवाय तालहीन. असं दिसलं तर थेट इस्पितळ.

*हार्ट अटॅक येऊन गेलेल्याची जलद नाडी.* या एका ओळीसाठी हा सगळा लेख वाचला तरी चालेल. ज्याला पूर्वी हार्ट अटॅक आलाय किंवा ज्याचं हृदय अशक्त आहे, त्याची नाडी बसल्या जागी अचानक १३०-२०० झाली आणि एकसारखी चालत राहिली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी जलद लय समजावी. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो आणि वीज त्या व्रणाभोवती गरगरू लागते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, कधी फक्त घाम आलाय म्हणतो, आणि आसपासच्यांना वाटतं, बोलतोय म्हणजे ठीक आहे. ही लय कुठल्याही क्षणी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या नुसत्या थरथरण्यात बदलू शकते. तेव्हा नाडीच उरत नाही. रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

*न वाढणारी मंद नाडी.* मिनिटाला चाळीस-पन्नासच्या मधली नाडी खेळाडूची आहे की आजाऱ्याची, हे जिना सांगतो. चक्कर येत नसेल तर एक मजला चढून पाहा. निरोगी मंद नाडी झटकन ८०-९० वर जाते. वरच्या-खालच्या कप्प्यांतला विजेचा मार्ग पूर्ण बंद पडला असेल तर ती पस्तीस-चाळीसवरच अडून बसते आणि पायांत गोळे आल्यासारखा थकवा येतो. असा माणूस अचानक पांढराफटक होऊन कोसळू शकतो आणि अर्ध्या मिनिटात चेहरा लालसर होऊन उठूही शकतो. याला पेसमेकर हा खात्रीचा उपाय आहे. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना अनेक यंत्रं बदलावी लागली आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले.

आणखी एक चाल सहज निसटते. आधी जलद धडधड, ती थांबल्याक्षणी डोळ्यांपुढे अंधारी. जलद लय थांबली की एरवी ठोक्यांची सुरुवात करणारं, थकलेलं मूळ केंद्र चटकन जागं होत नाही आणि काही सेकंद ठोकाच पडत नाही. चक्कर धडधड चालू असताना आली की ती थांबल्यावर, हे लिहून ठेवा.

जिथे नाडी आधी काहीच सांगत नाही

सर्वांत घातक आजारांपैकी काहींत नाडी एरवी पूर्ण निर्दोष असते. लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा हे हृदयाच्या विजेतले दोष, हृदयाच्या स्नायूची जन्मजात जाडी यांत इशारा मिळतो तो शुद्ध हरपण्याच्या रीतीतून. खूप वेळ उभं राहून, उकाड्यात, रक्त पाहून, मळमळ होऊन आलेली घेरी बहुतेकदा साधी असते. पण पळता पळता कोसळणं, पोहताना शुद्ध जाणं, गजराच्या किंवा फोनच्या दचकवणाऱ्या आवाजाने पडणं, झोपलेल्या अवस्थेत आचके येणं, कसलीच पूर्वसूचना न देता दाणकन पडून तोंड फोडून घेणं, या गोष्टी वेगळ्या आहेत. मिरगी समजून वर्षानुवर्षं औषध दिलेल्या मुलांत कधी कधी लाँग क्यूटी निघतो. कुटुंबात कुणी पन्नाशीच्या आत झोपेत किंवा खेळताना अचानक गेलं असेल, तर पहिल्याच बेशुद्धीनंतर ईसीजी काढलाच पाहिजे.

लाँग क्यूटी औषधांनीही होतो. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं, बुरशीवरची काही औषधं, मनोविकारांवरची काही औषधं यांना जुलाब-उलट्यांनी घटलेलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जोडीला मिळालं की जोखीम वाढते. नवं औषध सुरू झाल्यावर घेरी आली तर ते औषध डॉक्टरांना दाखवा.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्टियन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. सतत वैद्यकीय देखरेखीखाली असणारा व्यावसायिक खेळाडू तो. मैदानावरच छाती दाबणं सुरू झालं, डिफिब्रिलेटरचा झटका दिला गेला आणि तो वाचला. नंतर शरीरात आयसीडी (गरज पडताच आतूनच झटका देणारं यंत्र) बसवून २०२२ साली तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. त्याला वाचवलं ते आसपासच्या माणसांच्या वेगाने.

केव्हा काय करायचं

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून नुसते आचके येतायत, तर नाडी शोधत बसू नका. नाडीवरच्या लेखात हे लिहिणं विचित्र वाटेल, पण घाबरलेल्या बोटांना नाडी सापडत नाही आणि वेळ जातो. रुग्णवाहिका बोलवायला एकाला पिटाळा, छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहा. एईडी (कुणालाही वापरता येईल असा स्वयंचलित डिफिब्रिलेटर) मिळाला तर चालू करा, तो स्वतः बोलून पुढचं सांगतो. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

वेगवान किंवा फार मंद नाडीसोबत छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, थंड घाम, गोंधळलेलं बोलणं यांतलं काहीही असेल तर थेट आपत्कालीन विभाग, मग आकडा कितीही असो. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोबडं बोलणं यालाही तोच नियम. बसल्या जागी १५० किंवा त्याहून जास्त, किंवा एरवी तशी नसताना ४० च्या खाली नाडी काही मिनिटं टिकली, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी ईसीजी; हार्ट अटॅक येऊन गेलेल्याची जलद नाडी असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे रुग्णवाहिकाच. नव्याने सापडलेली तालहीन नाडी एक-दोन दिवसांत दाखवावी. अधूनमधून चुकणारा ठोका, बाकी काही नाही, तर सवडीने पण एकदा नक्की. तान्ह्या बाळाची नाडी मोठ्यांहून बरीच जलद असते, पण शांत झोपलेल्या बाळाची २२० च्या वर असेल तर थांबू नये.

घड्याळावर किती विश्वास ठेवावा

घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार मोजतं. पट्टा सैल असेल, हात थंडगार असतील किंवा मनगटावर गोंदलेलं असेल तर ते चुकतं. पळताना तर ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. विचित्र आकडा दिसला की थांबा आणि बोटांनी पडताळा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, चार लाखांहून जास्त लोकांच्या एका अभ्यासात अनियमित नाडीची सूचना जेमतेम अर्ध्या टक्क्याला मिळाली. त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासणी करून घेतली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. ही लय येते-जाते, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं म्हणता येत नाही. पण सूचना म्हणजे निदान नव्हे आणि सूचना न येणं म्हणजे निर्वाळा नव्हे. हार्ट अटॅक तर घड्याळाला ओळखताच येत नाही.

घड्याळातला खरा ऐवज नाडीचा आलेख आहे. धडधडीचा झटका आलेल्या वेळेचा आलेख उघडा आणि रेष चढणीसारखी आहे की भिंतीसारखी, हे पाहा. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधड चालू असतानाच ३० सेकंदांची पट्टी घ्या आणि जपून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना

कागदावर तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होता, सुरुवात आणि शेवट अचानक की हळूहळू, मोजलेला आकडा, ताल आणि सोबतची लक्षणं लिहून न्या. चालू औषधांची यादी जोडा, त्यात सर्दी-खोकल्याची आणि वजन कमी करण्याची औषधंही आली. कुटुंबातले अकाली मृत्यू विसरू नका.

तपासणी झटक्यांच्या वारंवारतेवर ठरते. रोज त्रास होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर पुरतो. आठवड्याला होत असेल तर एक-दोन आठवडे छातीवर राहणारी पट्टी हवी. वर्षातून दोनदाच शुद्ध हरपत असेल तर त्वचेखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लूप रेकॉर्डर. महिन्यातून एकदा धडधडणाऱ्याला २४ तासांचा होल्टर लावून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं गेलं, तर नम्रपणे विचारा की त्या २४ तासांत झटका आला होता का. होल्टर लावलेला असताना घरी पडून राहू नका. ज्या कामात त्रास होतो ते काम करा, अर्थात त्यात शुद्ध हरपत नसेल तर, आणि वेळा वहीत टिपा. बीटा ब्लॉकर चालू असेल तर तपासणीसाठी म्हणून तो मनाने बंद करू नका, कारण एकाएकी थांबवल्याने धडधड उलट उसळते. त्याचं काय करायचं हे तपासणीची तारीख ठरवतानाच विचारून घ्या.